‘कुणाकडून आलं?’ : मुलांच्या ॲलर्जीविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बडोद्याहून आलेल्या पत्रांत एक प्रश्न कुठे ना कुठे डोकावतोच: हे सासरकडून आलं की माहेरकडून? आमच्या स्तंभासाठी बालरोग आणि ॲलर्जी या विषयांतल्या डॉक्टरांनी व आहारतज्ज्ञांनी दिलेली उत्तरं खाली देत आहोत. जागेअभावी पत्रं थोडी आखडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

माझी नात साडेचार महिन्यांची. दोन महिन्यांची असल्यापासून गाल लाल आणि खरखरीत आहेत, आता हातापायांवरही चट्टे आलेत. रात्रभर गाल चादरीवर घासते. माझ्या मुलाला लहानपणी दमा होता, सुनेला सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका येतात. आमच्याकडे बाळाला घाणीच्या सिंगतेलानं मालिश आणि डाळीचं पीठ व साय लावून अंघोळ, अशी पद्धत. सून म्हणते बंद करा. मी म्हणते, चार पिढ्या यावरच वाढल्या. कुणाचं खरं? — एक आजी, रावपुरा

आजी, तुमच्या सुनेचं खरं आहे. का ते नीट सांगतो, म्हणजे मानायला जड जाणार नाही.

मुलाचा दमा, सुनेच्या शिंका आणि नातीचे चट्टे ही तीन वेगळी दुखणी दिसली तरी त्यांचं गोत्र एकच. आईबापांकडून मुलाकडे दमा किंवा शिंका जशाच्या तशा येत नाहीत, प्रवृत्ती येते. तिच्यातही दोन गोष्टी असतात. एक म्हणजे धूळ, परागकण, अन्नातली प्रथिनं अशा निरुपद्रवी वस्तूंविरुद्ध शरीरानं चटकन ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्यं तयार करणं. दुसरी म्हणजे कातडीची वीण सैल असणं, आणि तुमच्या नातीच्या बाबतीत आत्ता हीच महत्त्वाची आहे.

कातडीच्या अगदी वरच्या थराला घट्ट ठेवायला फिलाग्रिन नावाचं प्रथिन लागतं. ते मोडून जे घटक तयार होतात, तेच कातडीत ओल धरून ठेवतात. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असला की कातडी कोरडी पडते, तिची वीण विरते, आतली ओल बाहेर जाते आणि बाहेरचं आत शिरतं. या बिघाडाचा आणि बाळांच्या इसबाचा, म्हणजे नातीसारख्या कोरड्या, खाजऱ्या चट्ट्यांचा, संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवला. युरोपात साधारण दहा माणसांत एकाकडे असा बिघाड असतो. भारतीयांतही तो सापडतो, पण त्याच जनुकातल्या वेगळ्या जागी. जोडीतली एक प्रत बिघडलेली असली तरी धोका वाढतो, म्हणजे अशा आई किंवा वडिलांच्या प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी.

घरात बघायचं तर मुलाचा आणि सुनेचा तळहात उजेडात धरा. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो, त्यावर नेहमीपेक्षा जास्त आणि खोल रेघांची जाळी दिसते का? दंडाच्या मागच्या बाजूला कायम काटा आल्यासारखी खरखर लागते का? या खुणा फिलाग्रिनच्या बिघाडाबरोबर पुष्कळदा दिसतात. खुणा नसल्या म्हणून इसब वारशानं आलेलं नाही, असं मात्र होत नाही.

आता तेलाचं. घाणीच्या सिंगतेलात शेंगदाण्याची प्रथिनं थोडी उरतात, रिफाइंडमध्ये जवळजवळ उरत नाहीत. धड कातडीच्या बाळाला चार पिढ्या ते सोसलं, कारण तेल वरच राहिलं. नातीची कातडी विरलेली आहे. पुढच्या दारानं आला तर पाहुणा आणि मागच्या खिडकीतून शिरला तर चोर, तसं शरीराचं आहे: जे प्रथिन तोंडावाटे पोटात जातं ते सोसायला शरीर शिकतं, आणि तेच फाटक्या कातडीतून शिरलं तर त्याच्याशी वैर धरतं. इंग्लंडमधल्या एव्हन भागातल्या मुलांच्या २००३ सालच्या अभ्यासात, इसबावर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली होती. डाळीच्या पिठातून हरभऱ्याची प्रथिनं जातात आणि सायीतून दुधाची. शिवाय पीठ चोळताना कातडी खरवडली जाते ते वेगळंच. बदामाचं तेलही नको. मोहरीचं तेल तर कातडीची वीण आणखी बिघडवतं. मालिश सोडू नका, ते बाळाला हवंच असतं. फक्त साधं खोबरेल घ्या आणि हात हलका ठेवा.

अंघोळ अशी घाला. पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूला गरम लागलं तर ते बाळाला जास्तच. पाच ते दहा मिनिटं पुरेत. साबण शक्यतो नकोच, लागला तर बिनवासाचा, सौम्य, फक्त मळलेल्या जागी. बोअरचं जड पाणी असेल तर साबण धुऊन निघत नाही आणि मागे राहिलेला साबण खाज वाढवतो. टॉवेलनं टिपा, पुसू नका. अंग थोडं ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, डॉक्टरांनी दिलेलं जाड, बिनवासाचं मॉइश्चरायझर सगळ्या अंगावर केसांच्या दिशेनं लावा. संध्याकाळी पुन्हा. सगळ्यात जास्त चूक होते ती मापात: एवढ्या बाळाला आठवड्याला साधारण १२५ ग्रॅम लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर ते नुसतं हाताला लागतंय, बाळाला नाही.

लाल, चिघळलेल्या चट्ट्यांवर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मलम देतील. त्याला घाबरून चिमूटभर लावणं, मग थांबणं, मग पुन्हा लावणं, यातच दुखणं लांबतं. माप सोपं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघालेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तुमच्या नातीच्या पूर्ण चेहऱ्याला आणि मानेला एकच रेघ. चट्टे फक्त गालांवर असतील तर त्याहून कमी. किती दिवस लावायचं ते डॉक्टर सांगतील तसं. चट्ट्यांतून पिवळं पाणी येऊन खपली धरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

थोरल्याला (वय ५) शेंगदाण्याची जबर ॲलर्जी आहे. दोन वर्षांपूर्वी चिक्कीच्या तुकड्यानं ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. धाकटी आता सहा महिन्यांची होतेय, वरचं अन्न सुरू करायचंय. घरातून शेंगदाणा हद्दपार केलाय. तिलाही तीन वर्षांपर्यंत देऊच नये असं सगळे सांगतात. — एक आई, मांजलपूर

हा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत. तो चुकीचा ठरला आहे, आणि आजही तो दिला जातो याची आम्हाला काळजी वाटते.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीत वारशाचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. अमेरिकेत जुळ्यांचा अभ्यास झाला (२०००). एकसारख्या जुळ्यांत एकाला ही ॲलर्जी असली तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ६४ टक्के निघालं, वेगळ्या जुळ्यांत सुमारे ७ टक्के. पण यातच दुसरी बाजूही आहे: जनुकं तंतोतंत सारखी असूनही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जोड्यांत दुसरं भावंड सुटलं. २००८ साली ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना झाली. मूळ एक, घराण्यांची ठेवण एक. तरी ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के मुलांना आणि इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. मोठा फरक एकच होता: इस्रायलमधली बाळं पहिल्याच वर्षात शेंगदाण्याचा खाऊ खात होती, ब्रिटनमधली टाळत होती. मग लंडनमध्ये ६४० बाळांवर सरळ प्रयोग झाला. सगळी जोखमीची, म्हणजे तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निकाल २०१५ साली आला. सुरुवातीला त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्या बाळांत, ज्यांनी शेंगदाणा टाळला त्यांच्यापैकी १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती. ज्यांनी नियमित खाल्ला त्यांच्यात १.९ टक्के.

तेव्हा धाकटीला द्यायचा. आधी एवढं बघा: तिला तीव्र इसब असेल किंवा अंड्यानं त्रास झाला असेल, तर पहिला घास घरी नको. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे चाचणी करून मगच. तसं काही नसेल तरी, घरात थोरल्याचा अनुभव असल्यामुळे डॉक्टरांना एकदा विचारून सुरू करा, म्हणजे तुमचा हात थरथरणार नाही.

रीत अशी. बाळाची तब्येत चांगली असेल तो दिवस निवडा, सकाळची वेळ, घरात दुसरं मोठं माणूस हवं. आधी नाचणीचं सत्त्व, केळं असं दोन-तीन पदार्थ सुरळीत खाऊ लागलेली असावी. ताजे, भाजलेले, सालं काढलेले दाणे मैद्यासारखे बारीक करा. खवट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्या. कूट कोमट पाण्यात कालवून पातळ करा आणि केळ्यात मिसळा. घट्ट गोळा घशात चिकटतो. चमच्याच्या टोकाला लागेल इतकंच आधी द्या आणि दहा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर उरलेलं सावकाश भरवा. पुढचे दोन तास लक्ष ठेवा. तोंडाभोवती नुसती लाली आली तर ती घास लागल्याचीही असू शकते. पण गांधी, ओठांची सूज, पुन्हापुन्हा उलटी, खोकला किंवा बाळ एकदम मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबा आणि तडक दवाखाना गाठा.

सोसलं की खंड पाडू नका. प्रयोगातल्या बाळांना आठवड्याला सुमारे ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन दिलं जात होतं. आपल्या कुटाच्या हिशेबात ते साधारण २४ ग्रॅम, तीन वेळांत विभागून. दर वेळी ८ ग्रॅम म्हणजे सुमारे तीन लहान चमचे. काट्यावर एकदा तोलून बघा, चमच्याचा अंदाज येतो. एकदा खाऊ घालून चार महिने विसरणं सगळ्यात वाईट. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत मुळीच नकोत, श्वासनलिकेत अडकतात.

थोरला घरात असताना हे करायचं म्हणजे शिस्त लागेल. तो शाळेत असताना भरवा, वाटी-चमचा वेगळा, मिक्सरचं भांडंही वेगळं. हात साबणानं धुवा. नुसतं पाणी किंवा सॅनिटायझर शेंगदाण्याचं प्रथिन काढत नाही. थोरल्यासाठी ॲड्रेनॅलिनबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलेलं पत्रात दिसत नाही, म्हणून लिहितो. अशा झटक्यात जीव वाचवणारं औषध तेच, ॲलर्जीची गोळी नव्हे. मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून (औषधाची काचेची बंद कुपी) १८ किलोच्या मुलाला ०.१८ मिलिलिटर. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आपल्याकडे तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून ॲम्प्यूल आणि १ मिलिलिटरची सिरिंज कशी वापरायची हे डॉक्टरांकडून हातानं करून शिका, घरातल्या दोघांनी तरी. लेखी कागद घरी आणि शाळेत ठेवा. इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवं ठेवा, पाय उंच, आणि १०८ ला फोन करा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. उत्तरायणात चिक्की, उपवासात फराळी चिवडा, देवळात प्रसाद. या तीन ठिकाणी शेंगदाणा न सांगता येतो.

मला लहानपणापासून दमा, आता आटोक्यात. जे स्थळ आलंय त्या मुलालाही धुळीची ॲलर्जी आहे. घरचे म्हणतात, दोघांनाही असेल तर मुलं आजारीच होणार. नकार द्यावा का? — वय २६, अलकापुरी

या कारणासाठी नाही.

ढोबळ आकडे असे: आईबाप दोघांनाही काही नसलं तरी शंभरातल्या दहा-पंधरा मुलांना ॲलर्जीचं काहीतरी होतंच. एकाला असेल तर वीस ते चाळीस, दोघांना असेल तर चाळीस ते साठ. दोघांचं दुखणं एकच असेल तर आणखी थोडं जास्त. यात साध्या शिंकाही धरलेल्या आहेत, सगळा दमा नव्हे. वारसाही एका जनुकाचा नाही, थॅलेसेमियासारखं इथे गणित मांडता येत नाही. २०१७ साली साडेतीन लाखांहून जास्त लोकांच्या तपासणीत दमा, शिंका आणि इसब यांच्याशी जोडलेल्या १३६ जागा जनुकांत सापडल्या, आणि बहुतेक तिन्हींना सामाईक. प्रत्येकीचा वाटा थोडाथोडा. म्हणूनच लाळेवरून ‘ॲलर्जीची डीएनए चाचणी’ करून देणाऱ्यांवर पैसे घालवू नका. लग्नाआधी रक्त तपासायचंच तर दोघांचं थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी तपासा. गुजरातेत त्याचा खरा उपयोग आहे.

मुलगा साडेतीन वर्षांचा. पोट दुखतं, कधी शौचाला पातळ. रक्ताची मोठी ॲलर्जी तपासणी केली, २३ पदार्थ पॉझिटिव्ह: दूध, गहू, तूरडाळ, वांगं, टोमॅटो... एकूण आयजीई ९००. सगळं बंद केलंय. वजन ११.४ किलो, तीन महिने हललेलं नाही. माझ्या वडिलांनाही दूध पचत नाही, तेव्हा घराण्यातच असणार. — एक वडील, कारेलीबाग

सगळ्यात आधी वजन. साडेतीन वर्षांच्या मुलाचं वजन सरासरी १५ किलोच्या आसपास असतं. ११.४ वर अडकलेल्या मुलाला ॲलर्जीपेक्षा उपासमारीचा धोका मोठा आहे. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ही यादी बरोबर न्या आणि ‘यातलं काय सुरू करू?’ एवढंच विचारा.

तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे शरीरानं त्या पदार्थाविरुद्ध आयजीई केलंय, इतकंच. ज्या घराण्यात प्रवृत्ती आहे, तिथली मुलं असं आयजीई ढीगभर करतात आणि तोच पदार्थ मजेत खातात. आयजीईची ॲलर्जी तेव्हाच म्हणायची, जेव्हा तो खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी, सूज, उलटी, श्वास असं काही होतं, आणि दर वेळी होतं. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही. एकूण आयजीई जंतांमुळेही वाढतं. अहवालावर ‘आयजीजी’ लिहिलं असेल तर तो बाजूलाच ठेवा: आयजीजी म्हणजे मूल तो पदार्थ खातं याची खूण.

खरी चाचणी संशयित दोन-चार पदार्थांचीच करतात. सुई टोचून केलेल्या त्वचाचाचणीत १५ मिनिटांनी उठलेली गाठ नुसत्या सलाइनच्या ठिपक्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर पॉझिटिव्ह. आधीचे पाच ते सात दिवस सेट्रिझिनसारखं ॲलर्जीचं औषध बंद हवं, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येतो. दम्याचा पंप बंद करायची गरज नाही. तरी शंका उरली तर रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ थोडाथोडा खाऊ घालून बघतात.

आजोबांचं दूध न पचणं ही ॲलर्जीच नव्हे. वय वाढतं तसं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होतं. हेही वारशानं ठरतं, पण अगदी वेगळ्या वाटेनं. त्यात गॅस, मुरडा, पातळ शौच होते, गांधी उठत नाहीत. दही आणि ताक बहुधा सोसतं. नातवाला जंत, जुलाबानंतरची तात्पुरती तक्रार, गव्हाचा सीलिअॅक आजार असं काय आहे ते डॉक्टर बघतील. सीलिअॅकची रक्तचाचणी गहू खात असतानाच करायची असते, म्हणून गहू बंद ठेवून ती करू नका. आणि गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी निघाली तर बकरीचं किंवा म्हशीचं दूध हा तोडगा नाही, प्रथिनं जवळजवळ तीच असतात.

पाचवा महिना. नवऱ्याला इसब आहे. बाळासाठी मी दूध, अंडी, दाणे सोडू का? — वाघोडिया रोड

नाही. गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आईनं पथ्य केल्यानं बाळाची ॲलर्जी टळत नाही, आईचं पोषण तेवढं घटतं. ज्याची तुम्हाला स्वतःला ॲलर्जी आहे तेच टाळा. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावून इसब टळतं का, हे इंग्लंडमध्ये तपासलं गेलं (२०२०). टळलं नाही. इसब झाल्यावर मात्र तेच पहिलं औषध.

मुलगा सात वर्षांचा. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये शिंका, रात्री कोरडा खोकला, छातीत शिट्टी. मलाही लहानपणी असंच होतं, पंधराव्या वर्षी आपोआप गेलं. त्याचंही जाईल ना? डॉक्टर पंप देतात, सवय लागेल म्हणून आम्ही देत नाही. मी सिगारेट ओढतो, पण गच्चीत. — एक वडील, निझामपुरा

तुमचं गेलं म्हणून त्याचं जाईलच, याची हमी देता येत नाही. बालपणीच्या दम्याशी सगळ्यात घट्ट नातं असलेली जनुकांची जागा सतराव्या गुणसूत्रावर २००७ साली सापडली. ज्या मुलांकडे ती जोखीम आहे, त्यांच्यावर लहानपणी तंबाखूच्या धुराचा परिणाम आणखी जास्त होतो, असं पुढे दिसलं. म्हणजे तुम्ही त्याला जे जनुक दिलं असेल, त्याला चेतवणारी वस्तूही तुमच्याच खिशात आहे. गच्चीत ओढली तरी धूर शर्टाला, केसांना, गाडीच्या सीटला चिकटून घरात येतो. सोडणं हाच उपाय. बाकी सगळं त्याच्यानंतर.

फेब्रुवारी-मार्च हा वावळाच्या झाडाच्या फुलोऱ्याचा काळ. याच दिवसांच्या आसपास विलायती बाभूळही फुलते; तिलाच इथे गांडो बावळ म्हणतात. दोन्हींचे पराग ॲलर्जीसाठी कुख्यात. त्या आठवड्यांत सकाळी खिडक्या बंद ठेवा, बाहेरून आल्यावर तोंड-हात धुऊन कपडे बदला, कपडे गच्चीत वाळत घालू नका. वर्षभर खोकला राहत असेल तर संशय गादीतल्या धूळकिड्यांवर: उशी-गादीला घट्ट विणीच्या खोळी, चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. गोधड्या कडक उन्हात चार-पाच तास पसरून मग झटका, मूल घरात नसताना. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं असेल, तर भिंतीच्या तळाशी, कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके अजून आहेत का बघा.

पंपाची सवय लागत नाही. गोळी किंवा सिरपच्या तुलनेत औषध अगदी कमी लागतं, कारण ते थेट छातीत जातं. स्पेसरशिवाय, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळीशिवाय, देऊ नका. पंप हलवा, एकच दाब द्या, मुलाला पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या. दुसरा दाब हवा असेल तर अर्धं ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसले तर पंप देत देत रुग्णालयात न्या. स्पेसर महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत वाळवा. फडक्यानं पुसू नका: पुसलं की प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध मुलाच्या छातीऐवजी नळीलाच चिकटून बसतं.